छापलंय तेवढंच

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, मासिकांच्या बांधीव खंडांच्या रांगा संपल्या की एक काचेची खोली लागते. आत दोन खुर्च्या, एक टेबल, एक मायक्रोफोन, भिंतींना जाड करडा स्पंज आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की बाहेरच्याने खोकायचंसुद्धा नाही. ज्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. वाचणारे सगळे हौशी. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतून घरी जाता जाता तासभर थांबणारा. आणि या सगळ्या हौशांत अव्वल म्हणजे चावीवाले काका.

काकांनी एकतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात चाव्या फिरवल्या. कुलपाच्या नव्हेत. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीइतकी उंच चावी खाली सोडायची आणि नळावरचा व्हॉल्व्ह फिरवायचा. या वस्तीचं पाणी सुरू, त्या वस्तीचं बंद. निवृत्तीनंतर ते बाहेरच्या वाचकांसाठी असलेलं कार्ड काढून ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येऊ लागले, पण मनातल्या मनात वाचणं त्यांना कधी जमलंच नाही. देवाने त्यांना आवाज दिला होता भरदार आणि गोड, फक्त तो बंद करायचा व्हॉल्व्ह बसवायला देव विसरला होता. वाचनकक्षातून आठवड्याला तीन-तीन तक्रारी जायच्या. शेवटी ग्रंथपालबाई स्वतः खाली उतरून आल्या. काकांना वाटलं, आता गेलं कार्ड. बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला मोठ्यानेच वाचायचंय ना? मग चला माझ्याबरोबर." आणि त्यांनी काकांना त्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं.

तेव्हापासून काकांचा जन्म सार्थकी लागला. खुर्चीत बसले की आधी हात जोडायचे, मग चष्मा लावायचे, मग दिवा. शब्द उच्चारणं हीच एक पूजा, अशी त्यांची साधी समजूत होती, आणि ती त्यांच्या वाचण्यात ऐकू यायची.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक मुलगी आली. जन्मापासून दृष्टी नाही, पण बोलण्यात अशी चुणचुणीत की समोरच्यालाच चाचपडायला व्हावं. शहरांच्या पाणीपुरवठ्यावर पीएच.डी. करत होती. तिला एक सहाशे पानी ग्रंथ वाचून हवा होता. कुणा दिवंगत मुख्य अभियंत्याने लिहिलेला याच शहराच्या पाण्याचा इतिहास. जुनी छपाई, अक्षरं पुसट, संगणकाला ती वाचता येईनात. ग्रंथ इतका कोरडा होता की तो पाण्याविषयी आहे हे मुखपृष्ठ बघूनच कळावं. पण काकांना तर लॉटरीच लागली. त्यांचेच नळ, त्यांच्याच टाक्या, त्यांचेच रस्ते! तीन महिने ते वाचत होते. मुलीला ते पहिल्या दिवसापासून 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे.

"अजून झाले नाही, काका."

"व्हाल हो. मी वाचतोय म्हटल्यावर व्हाल."

एका सोमवारी काका दुसरं पुस्तक वाचायला आले, तर डॉक्टरसाहेब तळघराच्या जिन्यावर बसलेल्या. पांढरी काठी घडी करून मांडीवर.

"काय डॉक्टरसाहेब, आज स्वारी पायरीवर?"

"आता डॉक्टर वगैरे होत नाही, काका. सरांनी प्रबंध परत पाठवला."

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. चष्म्याच्या वरून बघणारे, मोजकं बोलणारे, पण माणूस सरळ.

"का? काय झालं?"

"मी चौदा ठिकाणी त्या ग्रंथाचा हवाला दिलाय, पानांसकट. सरांनी छापील प्रत काढून चौदाही पानं पाहिली. तिथे तसं काही नाहीच म्हणाले." तिने काठीची घडी उलगडून पुन्हा घातली. "म्हणाले, वाक्यं फार सुंदर आहेत, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. त्यांना वाटतंय मी ती रचली. शुक्रवारी पाचला मुदत संपते. दोनदा वाढवून झालीय, तिसऱ्यांदा वाढत नाही. पाच वर्षं गेली, ती जाऊ देत. पण खोटारडी म्हणून जायचं?"

काकांचं डोकंच फिरलं. "नाही म्हणजे काय? मी स्वतः वाचलंय! या तोंडाने! सांग कुठलं पान, आत्ता जाऊन त्यांच्या टेबलावर आपटतो."

"पान दोनशे चौदा." तिने मांडीवरच्या ब्रेलच्या टिपणांवर बोटं फिरवली. "'पूर्वेच्या उंचवट्याला पाणी कमी यायचं ते उंचीमुळे नव्हे. गिरणीखालच्या वळणावर नऊ इंचीच्या जागी सहा इंची नळ घातला होता. म्हणून तिथली चावी पहाटे सगळ्यांच्या आधी उघडायची. नळ किती का बारका असेना, पहिला नंबर मिळाला की बादली भरतेच.'"

काका उभ्या जागी गार पडले.

मुख्य अभियंत्याने सहाशे पानांत बादली हा शब्द एकदाही वापरला नव्हता. त्याच्याकडे होते ते घनमीटर. बादली काकांची होती. वळणही काकांचं, पहाटही काकांचीच.

"आहे ना ते पुस्तकात?" तिने विचारलं.

काकांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून काही आलं नाही. "मी... जरा बघतो हं," एवढंच पुटपुटून ते जिना चढून गेले, ते थेट घरी.

घरी काकू मटार सोलत होत्या. काकांनी चपला काढल्या, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि सगळं सांगून टाकलं. काकूंचे हात थांबले.

"म्हणजे तुम्ही तिथेही मध्ये बोललात?"

"अगं, चुकीचं छापलं होतं! मी तिथे उभा होतो एकतीस वर्षं. आता खोटं कसं वाचायचं? देवाला काय तोंड दाखवू?"

"आणि त्या पोरीला कळायचं कसं, कुठे पुस्तक संपलं आणि कुठे तुम्ही सुरू झालात ते?"

"तसा विचार नाही केला."

"कधी केलाय? दवाखान्यात डॉक्टर मला माझा आजार सांगत होते, तेव्हाही तुम्हीच मध्ये बोललात. अजून मला नीट माहीत नाही मला काय झालं होतं."

काका खुर्चीत खचले. "सांगितलं तर माझं कार्ड काढून घेतील गं. ती खोलीही जाईल."

"घेतील तर घेतील," काकू म्हणाल्या. "त्या पोरीचं तुम्ही काय घेऊन बसलात ते आधी बघा. आणि चपला कशाला काढल्यात? घाला परत."

काका गेले तेव्हा ग्रंथालय बंद व्हायला तासभर होता. संदर्भ विभागाच्या टेबलाशी ग्रंथपालबाई बसल्या होत्या आणि समोर ती मुलगीही होती, बाईंच्या मदतीने छापील प्रतीत ती वाक्यं शोधत. काकांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि एका दमात सांगितलं, "नका शोधू. ते मी बोललोय. चौदाच्या चौदा."

बाईंनी विचारलं, "काका, त्या खोलीच्या भिंतीवर नियम लावलेत. तिसरा नियम काय आहे?"

"छापलंय तेवढंच वाचावं."

"वाचला होतात ना?"

"वाचला होता."

"मोठ्याने?"

"त्याशिवाय मला वाचता येत नाही, बाई."

बाईंनी ओठ दाबून धरले. "दोष माझाही आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रण कुणीतरी तपासून सही करायची असते. माणूस नव्हता म्हणून मीच केली. तुमची पहिली दहा पानं ऐकली. शहाण्यासारखे वाचत होतात."

"पहिली दहा पानं प्रस्तावना होती. तिच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं."

काकांची मुलीकडे बघायची हिंमत होत नव्हती. आणि एकदम ती हसायला लागली. अशी हसली की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

"मी सगळं दुप्पट वेगाने ऐकते ना," ती म्हणाली. "त्या वेगात सगळे आवाज सारखेच लागतात. मला वाटायचं, हा लेखक दहा पानं झोपतो आणि मग कुणीतरी चिमटा काढल्यासारखा जागा होतो. मी सरांना सांगितलं होतं, अभियंते असूनही काय लिहितात! काका, मी तुमच्या प्रेमात होते, अभियंत्याच्या नव्हे."

"पोरी, मला शिव्या दे, पण अशी हसू नकोस," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"शिव्या शुक्रवारनंतर. आधी मला सांगा, तुम्ही जे बोललात ते खरं आहे का?"

"माझ्या आईची शपथ!"

"शपथ तळटीपेत घालता येत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. बाईंचं असं होतं, की कुणी अडलं म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. "सरांना दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. कुठलं वाक्य ग्रंथाचं आणि कुठलं काकांचं, ही एक. आणि काकांचं आहे ते कशावरून खरं, ही दुसरी. चार दिवस आहेत. काका, तुमचं कार्ड सध्या माझ्याकडे राहू दे. तुम्ही मात्र रोज नऊ वाजता यायचं."

मंगळवारचा दिवस खोलीत गेला. ध्वनिमुद्रण नेहमीच्या वेगाने लावलं, काकांच्या पुढ्यात छापील प्रत. पुस्तक थांबलं आणि आपण सुरू झालो की काकांनी टेबलावर एकदा टकटक करायची, आपण थांबलो की दोनदा. चौदा जागा ऐकायच्या होत्या, पण आजूबाजूचंही ऐकणं भाग होतं. दुपारपर्यंत काकांच्या बोटांचे सांधे लाल झाले.

"डॉक्टरसाहेब, मी इतकं बोललो?"

"अजून तिसरंच प्रकरण आहे, काका."

बुधवारी बाईंनी नकाशांचं दालन उघडलं. लोखंडी कपाटांचे रुंद, उथळ खण आणि त्यांत कापडावर चिकटवलेले जुने नकाशे. नळांचा नकाशा चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढा होता. काकांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत टाकीपासून निघाले, बाजार ओलांडला, गिरणीखालच्या वळणाशी आले. आणि थांबले.

तिथे नऊ लिहिलं होतं. ठसठशीत, लाल शाईत, नऊ इंच.

"काय लिहिलंय?" मुलीने विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"काका?"

"नऊ," काका म्हणाले. "पण तिथे सहाच आहे. मी उघडा बघितलाय तो खड्डा, गुडघाभर चिखलात उभं राहून. माझा हात त्या नळावर ठेवलाय मी."

"नकाशा खोटा आहे म्हणता?"

"खोटा नाही. हा ठरवल्याचा नकाशा आहे. घातल्याचा नव्हे." काकांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो उतरवला. "नऊ इंची नळ कमी पडला असेल, हाती होता तो घातला असेल. कागद कुणी बदलला नाही."

बाई लगेच म्हणाल्या, "मग घातलेलं कुठे लिहितात?"

"दुरुस्तीच्या वहीत. नळ फुटला, खणला, बदलला, की त्याच दिवशी नोंद. पण त्या वह्या खात्याने केव्हाच काढून टाकल्या."

"कुठे?"

"ते काय मला ठाऊक? न्यायला ट्रक आला होता."

बाई संगणकाशी बसल्या. इतर ग्रंथालयांच्या सामायिक सूचीत त्यांनी एक नाव टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. चौथ्याला त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. शेजारच्या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ते ट्रकभर कागद मागून घेतले होते आणि कोपऱ्यात रचून ठेवले होते. आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज बाईंनी तिथल्या तिथे भरला. मग फोन उचलला, कारण नुसत्या अर्जाने आठवडा लागला असता. पलीकडचे ग्रंथपाल त्यांचे जुने वर्गबंधू निघाले. "अहो, वही नका पाठवू," बाई सांगत होत्या, "फक्त मी यादी पाठवते त्या चौदा नोंदींची पानं. हो, गिरणीखालचं वळणही. नाही, कारण विचारू नका, हसाल."

त्या दिवशी काका घरी जाऊन देवापुढे बसले, पण मागितलं काहीच नाही. सहा इंची नळ सहा इंचीच राहू दे, एवढंच काय ते म्हणाले.

गुरुवारी अकरा वाजता पानं आली. वेडंवाकडं अक्षर, ओल लागलेल्या कडा, आणि मधोमध: गिरणीखालील वळण, सहा इंची जुना नळ फुटला, सहा इंचीच बसवला. खाली मुकादमाची सही. काकांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर बाई म्हणाल्या, "काका, कळलं. सगळ्या मजल्याला कळलं."

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. चौदांपैकी अकरा गोष्टींना वह्यांत आधार सापडला. दोन फक्त काकांच्या शब्दावर उभ्या होत्या. राहिली एक. पाणीटंचाईच्या एका वर्षी अख्ख्या शहराचं पाणी काकांनी एकट्याने सलग तीन दिवस सांभाळलं, अशी ती गोष्ट होती. वहीत त्या तीन दिवसांत चार जणांच्या सह्या होत्या.

"हे काय, काका?"

काकांनी मान खाजवली. "तिथे मी जरा रंगात आलो होतो."

"काढून टाकू?"

"टाक, पोरी. आणि तिघांची माफी मागून टाक माझ्या वतीने."

तेरा वाक्यांचे हवाले मुलीने बदलले. अभियंत्याचं नाव तिथून गेलं. बाईंनी काकांचं बोलणं ग्रंथापासून वेगळं काढून मौखिक साक्षींच्या संग्रहात रीतसर दाखल केलं, त्याला क्रमांक दिला. त्याच्या अर्जात साक्षीदाराचं शिक्षण विचारलं होतं. काका म्हणाले, "आठवी. तीही ढकलत." बाईंनी पुढच्या रकान्यात अनुभव एकतीस वर्षं असं लिहिलं आणि सहीसाठी कागद फिरवला.

शुक्रवारी तीन वाजता सर आले. संदर्भ विभागातच बसले. समोर छापील ग्रंथ, नकाशाची प्रत, वह्यांची पानं, सुधारलेला प्रबंध. त्यांनी एकेक पान बघितलं. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात जोडल्यासारखे बसले होते. समोरच्या घड्याळाचा काटा मात्र धावत सुटला होता.

"अकरा ठीक," सर शेवटी म्हणाले. "मी तुझ्याबद्दल घाई केली, त्याचं मला वाईट वाटतं. पण या दोन? यांना कागद नाही. माणसाच्या आठवणीवर मी प्रकरण कसं उभं करू देऊ? आणि यांनी एका ठिकाणी वाढवून सांगितलंय, हे तूच लिहिलंयस टिपेत."

"म्हणूनच लिहिलंय, सर," मुलगी म्हणाली. "आठवण इथेच बसलीय. तुम्ही विचारून बघा."

सर काकांकडे वळले. "पहाटे पूर्वेचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हा हुकूम कुणाचा?"

"कुणाचाच नाही, साहेब. आमचं आम्हीच ठरवलं होतं. वरून हुकूम आला असता तर वहीत सापडला असता की."

"किती जण?"

"पाच. दोघं आता देवाघरी. तिघांची नावं सांगतो, पत्ते सांगतो. विचारा त्यांना, माझ्यावर नका विसंबू."

सरांनी चष्मा वर केला. "आणि नदीपलीकडे? तिथेही असंच होतं का? तसं असेल तर पाणी हुकमाने नव्हे, चावीवाल्यांनी वाटलं, हा तिचा सिद्धांत फारच पक्का होईल."

काकांना नदीपलीकडचं काय काय ऐकून माहीत होतं, आणि त्यातलं निम्मं अगदी रंगदार होतं. ते सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"नदीपलीकडचं मला माहीत नाही, साहेब," काका म्हणाले. "तिथे माझी ड्यूटी नव्हती."

सरांनी खिशातून पेन काढलं, प्रबंध उघडला, आणि पेन कागदावर टेकवता टेकवता पुन्हा मान वर केली. "पण एक सांगा, व्हॉल्व्ह उघडताना किती फेरे द्यायचे हे ठरवायचात कसं?"

"कान लावून, साहेब! चावीच्या दांड्याला कान लावायचा. पाणी आधी शीळ घालतं, मग घुमतं. घुमायला लागलं की बस."

"कान लावून!" सरांनी पेन बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "आणि रात्रीत दाब बदलला तर?"

"तर आवाज पातळ होतो. ऐका ना..." आणि काका भर संदर्भ विभागात तोंडाने पातळ पाण्याचा आवाज काढू लागले. तीन टेबलांवरचे विद्यार्थी वह्या मिटून ऐकत होते. सर विचारत होते, काका सांगत होते, मध्येच "ते मात्र ऐकीव आहे हं" म्हणत होते. घड्याळात साडेचार वाजून गेले.

"सर," मुलगी म्हणाली.

"थांब गं जरा. हां, आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तर गंमतच, साहेब..."

मुलगी उठली. चाचपून तिने टेबलावरचं पेन शोधलं, ते सरांच्या हातात खुपसलं आणि प्रबंधाचं पहिलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "सर, काका उद्याही असतील, परवाही असतील. कार्यालयाची खिडकी पाचला बंद होते. आधी सही!"

सरांनी सही केली. बाईंनी प्रबंधाच्या चारही प्रती काकांच्या हातांवर ठेवल्या, मुलीने काकांचा दंड पकडला, आणि दोघं जिन्याकडे निघाले. काका भरभर चालत होते आणि प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत होते.